ज्याचं बिघडलं, त्यानंच दाखवायचं

सौदीतल्या अबकैकच्या तेलप्रकल्पात माझा नवरा इन्स्ट्रुमेंट फिटर आहे. मी इथल्या भारतीय शाळेत बारावीला जीवशास्त्र शिकवते, पण माझं शिकवणं घरात चालत नाही. मी तोंड उघडलं की "झाल्या सुरू मास्तरीणबाई" म्हणत तो उठून जातो.

त्याचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा सुपरवायझरला काही बोलू नकोस असं मीच सांगितलं. नोकरी गेली की दोघांचे इकामे, म्हणजे इथं राहायचे परवाने, जाणार, आणि मुलीची बारावी ऐन तोंडावर. सहा महिने त्यानं ते लपवलं. गॅसच्या लाइनवर एखादा जोड ढिला राहिला तर कुणाचा तरी जीव जाईल, हे दोघांनाही कळत होतं. कळूनही गप्प होतो, याची मला आज लाज वाटते.

दम्मामच्या डॉक्टरांनी पार्किन्सनचं निदान केलं. परतताना गाडी मी चालवत होते. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "नक्की बिघडतं काय गं?"

मी सांगितलं, "पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया. बिघडलेले तसेच राहिले तर पेशीलाच त्रास देतात. म्हणून पेशी त्यांना गिळते, विरघळवते, उरलेला माल परत वापरते. मेंदूत ही साफसफाई अडली की काही पेशी मरतात. तुझ्या बाबतीत हेच झालं असेल असं नाही, पण हे एक कारण असू शकतं."

"बिघडलेला कुठला ते कळतं कसं? आमच्याकडे तपासणारा येऊन टॅग लावतो."

"तिथं बाहेरून कुणी येत नाही. एक प्रथिन असतं. धडधाकट मायटोकॉन्ड्रियन ते आत ओढून घेतो आणि तिथं ते संपतं. बिघडलेल्यात ओढायचं बळ नसतं, मग ते त्याच्या अंगावरच साचतं. ती खूण बघून बाकीची प्रथिनं साफसफाईच्या कामाला लागतात."

"म्हणजे ज्याचं बिघडलं, त्यानंच दाखवायचं."

"हो," मी वर्गात म्हणावं तसं म्हटलं. मग कळलं तो काय बोलत होता ते.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच परत आला. "सांगितलं," म्हणाला. सुपरवायझरनं त्याला त्याच क्षणी लाइनवरून काढलं होतं. ठेवायचं की पाठवायचं, हे वरचे साहेब ठरवणार होते. मी पान वाढलं. त्याच्या घासातला भात ताटाबाहेर सांडत होता.

"भीती वाटते गं," तो म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झाली, हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मलाही," मी म्हटलं, आणि त्याचा खरकटा हात दोन्ही हातांत धरला. हात काही थांबला नाही. पण त्यानं तो काढूनही घेतला नाही.