चौथा सड

द्वारकाबाईचं दूध मी एकदाच परत पाठवलं, आणि पाठवलं ते बरंच केलं. जाफराबादकडच्या आमच्या गावात दूध संकलनाचं केंद्र मी चालवते. दुधाच्या बाबतीत मला नातीगोती कळत नाहीत. सासरच्या म्हशीच्या दुधालाही मी आधी नाक लावते.

द्वारकाबाई माझी शेजारीण. नवरा गेल्यावर चंद्री नावाच्या एका म्हशीवर तिने घर उभं ठेवलं. धारेआधी साबणाने हात धुणार, कोमट पाण्याने कास पुसणार. पान्ह्याच्या इंजेक्शनचं नाव काढलं तरी अंगावर यायची. चारपैकी तीनच सड पिळायची, चौथा रेडकाला. "ज्याच्यासाठी दूध आलं त्यालाच उपाशी ठेवायचं व्हय?" म्हणायची.

गेल्या वर्षी ती रामनवमीच्या जत्रेला जांबला गेली आणि तिथून लेकीकडे राहिली. मागे धार मुलाकडे, कल्याणकडे आली. कल्याण म्हणजे अति शहाणा त्याचा बैल रिकामा. रेडकू नर होतं. "टोणग्याला पाजून काय फायदा?" म्हणत त्याने चारही सड पिळायला सुरुवात केली. रेडकू दोरी ताणून ओरडायचं. मी कल्याणला दारात जाऊन झापलं, तर म्हणाला, "काकू, तुम्ही तुमचं केंद्र बघा." एका दुपारी ओरडणं थांबलं.

रेडकू मेलं आणि चंद्रीने पान्हा चोरला. तेव्हा कल्याणने जुनी युक्ती काढली. मेलेल्या रेडकाचं कातडं काढून आणलं, वाळवून पेंढा भरून शिवलं, वर मीठ चोळलं आणि चंद्रीपुढे उभं केलं. द्वारकाबाई परतली तेव्हा चंद्री त्या बिनडोळ्यांच्या रेडकाला चाटत होती आणि मागे बादली भरत होती. चाटून चाटून त्याच्या कपाळाचे केस गेले होते. मला तर बघवेना.

द्वारकाबाई लेकाशी बोलायची बंद झाली. पण ते पेंढ्याचं रेडकू पुढे नसलं की चंद्री थेंब देईना, आणि हटवलं तर इंजेक्शन आणीन म्हणून कल्याण अडून बसला. पुढे कातडं आतून कुजलं, माश्या घोंगावू लागल्या, दुधाला वास मारू लागला. मी कॅन परत पाठवला. त्याच संध्याकाळी द्वारकाबाईने ते सोंग उचललं आणि बांधापलीकडे खड्डा करून पुरलं.

"आता इंजेक्शनच आणतो," कल्याण म्हणाला.

"आणून तर बघ!" द्वारकाबाई कडाडली.

तिने कास धुतली आणि धारेला बसली. मी शेजारीच उभी होते. चंद्रीने मान वळवली आणि रेडकू उभं असायचं त्या रिकाम्या जागेत जीभ फिरवायला लागली. सावकाश, खालून वर, पाठीवरून फिरवावी तशी. आणि बादलीत धार वाजली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू! द्वारकाबाईने तीन सड पिळले आणि चौथा सोडला.

सकाळी तो सड रिकामा होता.

"धामण पिऊन राह्यली," कल्याण म्हणाला. त्याने संध्याकाळी गोठ्यात राख पसरली. सकाळी राखेवर चंद्रीच्या खुरांशिवाय काही नव्हतं. सड रिकामाच. जनावरांचे डॉक्टर आले. दूध गळत असेल म्हणाले. पण राख तर कोरडी ठणठणीत होती. "दूध आत राहिलं असतं तर कास सुजली असती," म्हणत त्यांनी दाबून पाहिलं. "गाठ नाही, रक्त नाही. कास एकदम चांगली आहे."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणून एके दिवशी उजाडायला मी स्वतःच गेले. सड हातात घेतला. मऊ, रिकामा आणि ओला. टोकाला फेस होता, रेडकू नुकतंच पिऊन बाजूला झाल्यासारखा. मी हात झटकन मागे घेतला.

कल्याण दारातच उभा होता. गोठ्यात पाऊल टाकायची त्याची हिंमत होईना. "माय, बाजारात काढू हिला," तो म्हणाला. "जल्दी काढू. मला रात्री झोप लागून न्हाई राह्यली."

द्वारकाबाईने चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. त्या 'आणून तर बघ'नंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"जित्तं व्हतं तव्हा तू पाजलं न्हाई. आता पिऊन राह्यलं, तर पिऊ दे."