वंदनाचा काळा कोट

त्या रविवारी सकाळी मी वंदनाच्या कोटाला काज करत बसले होते. हातानं. काळ्या कापडावर काळा दोरा, डोळे फुटायची वेळ येते. फोन वाजला. नंबर तिच्या नवऱ्याचा, पण बोलणार वंदनाच असं धरून मी आधीच सुरू झाले, "काज राहिले फक्त. जीव नको खाऊ माहा, संध्याकाळच्या गाडीनं पाठवते." पलीकडून प्रमोदराव म्हणाले, "ताई... वंदना गेली. पहाटे. हार्ट अटॅक." मी म्हटलं, "असं कसं? उद्या तिले कोर्टात उभं राहाचं आहे!" उद्याचं काम ठरलेलं असलं की माणूस मरत नाही, असंच मला त्या क्षणी वाटलं असावं. ह्याला आता काही आठवडे झाले. तिचं जाणं मला अजूनही पटलेलं नाही. कोणी समजवायला आलं की रागच येतो.

वंदना माझी मामेबहीण. माझ्याहून बरीच लहान, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. ती अकोल्याला वकिली करायची आणि माझं अमरावतीत ब्लाऊज शिवायचं दुकान. वकिलांच्या काळ्या कोटाचं काय ते दुखणं तिच्यामुळे मला कळलं. तयार कोट घ्यावा तर तो पुरुषाच्या अंगाचा, खांदा दंडावर लोंबणारा. शिवून घ्यावा तर जेन्ट्स टेलर बाईमाणसाला हात कसा लावायचा म्हणून टेप लांबूनच हवेत धरायचा आणि अंदाजानं आकडा सांगायचा. बरं, हिलाही संकोच, ही पण "हो, हो, बराबर आहे" म्हणून मोकळी. मग वर्षभर तो कोट खांद्यावरून घसरायचा आणि बाईसाहेब वर ओढत बसायच्या. मला म्हणाली होती, "ताई, मी मुद्दा मांडून राहिली असते, आन् समोरचे माह्या खांद्याकडं पाहून राहिले असतात. अर्धा जीव त्या कोटातच जाते."

यंदा तिची सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. पेढे घेऊन आली ती थेट दुकानात, आणि पेढा माझ्या तोंडात कोंबत म्हणाली, "कोट तू शिवशीन." मी म्हटलं, "मले येड लागलं का? मी ब्लाऊजवाली." "मंग काय झालं? खांदा तर खांदाच असते." एवढं बोलून हात आडवे पसरून उभीच राहिली. आता काय करता!

मी कोट शिवला, पण शिवला ब्लाऊजवालीसारखाच. आमच्या हाताला सवय असते ना, खांदा हाडापासून हाडापर्यंत, पाठ घट्ट, कुठं चुणी दिसायला नको. कच्च्या टाक्यांवर तिला घातला, तर आरशात अशी देखणी दिसली की दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या. मग तिनं न्यायाधीशासमोर करावा तसा हात वर केला, आणि अख्खा कोट कानापर्यंत चढला. बायका खो खो हसल्या. मी चिडले, "तू हात कावून वर करून राहिली वं?" ती म्हणाली, "वकील हावो मी ताई, भिंतीवरचा फोटो नाई!"

उसवला. पुढच्या खेपेला मी तिला सरळ उभं राहूच दिलं नाही. म्हटलं, भांड माझ्याशी, कोर्टात भांडतेस तशी. बस्, तिला तेवढंच हवं होतं. ब्लाऊजसाठी ताटकळलेल्या बायकांच्या बाजूनं तिनं माझ्यावरच खटला भरला. "साहेब, ह्या बाईनं दिवाळीचा ब्लाऊज होळीले देल्ला, आन् वरून म्हणते तुमीच जाड झाल्या!" ती हातवारे करत होती आणि मी तोंडात टाचण्या धरून तिच्या मागे मागे फिरत होते. पाठीला कुठं जागा लागते, बाहीचा मुंढा काखेत कुठं काचतो, सगळं त्या भांडणात कळलं. हसता हसता टाचणी टोचली तिला, तर म्हणते, "साक्षीदाराले धमकी देऊन राहिली!"

शनिवारी ती शेवटच्या ट्रायलला आली. कोट घातला, दोन्ही हात वर केले, पुढं वाकली, नसलेली फाईल उचलली. खांदा जागचा हलला नाही. वंदना आरशाच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, "ताई, मी वकील दिसून राहिली ना?" इतकी वर्षं वकिली केलेली बाई मला हे विचारत होती. मी म्हटलं, "दिसून राहिली." काज बाकी होते म्हणून कोट ठेवून ती अकोल्याची बस पकडायला गेली.

आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट पिशवीत घालून मी अकोल्याला निघाले. कशाला घेतला, माहीत नाही. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी आपली पिशवी पोटाशी धरून. घरी पोचले तोवर दुपार झाली होती. बायकांनी तिला न्हाऊमाखू घालून हिरवी साडी नेसवली होती, कपाळभर कुंकू, भरलेली ओटी. मी कोट बाहेर काढला. तिची चुलतसासू कडाडली, "सवाष्णीले काळं? डोस्कं ठिकाण्यावर आहे का तुमचं?" प्रमोदराव भिंतीला टेकून बसलेले, त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून तिच्या सासूबाई बोलल्या. "घाला. रोज काळा कोट घालूनच घराबाहेर पडे माही सून. आज कावून बिना कोटाची धाडता?"

मी कोटाची बाही तिच्या हाताशी नेली. पण तिचे हात... ते आता वळत नव्हते. बाही चढेना. मागून कोणीतरी म्हणालं, पाठीतून कापा. "कात्री लावाची नाई!" मी ओरडले. सुई घेतली आणि पाठीची मधली शिलाई एकेक टाका उसवली. कोटाचे दोन भाग झाले. एकेक बाही तिच्या हातावरून वर सरकवली, पाठ अंगाखाली दुमडली. आणि बाही सरकवताना माझ्या तोंडून निघून गेलं, ट्रायलला प्रत्येकीला म्हणते तसं, "हात सैल सोड." खोलीतलं रडणंच थांबलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, "बसला का वं खांदा?"

मी पाहिलं. बसला होता. असा खांदा मी आयुष्यात कोणाला बसवला नाही. एक चुणी नाही, एक सुरकुती नाही, कापड दगडावर अंथरावं तसं. तेव्हा मला कळलं की वंदना मेली आहे. फोनवर कळलं नव्हतं, हिरव्या साडीत पाहून कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. मी अशी किंचाळले की बायकांनी मला धरून बाहेर नेलं.

परवा अकोल्याहून एक तरुण वकील मुलगी आली. म्हणाली, वंदना मॅडमची मी ज्युनिअर, मलाही कोट शिवून द्या. मला नाही म्हणवेना. ट्रायलला ती आरशात निरखून म्हणाली, "मावशी, खांद्यापाशी इथं बारीकशी सुरकुती दिसून राहिली. काढून टाका ना." माझ्या हातात टाचणी होती. मी ती परत टाचण्यांच्या उशीत खोचली.

"राहू दे, बाई," मी म्हटलं. "तू हलून राहिली ना, म्हणून पडते ते."