तोंड फिरवलेली डोकरी

मध्य भारताची राजधानी सहा महिने इंदूरला, सहा महिने ग्वाल्हेरला असे. नाना, म्हणजे माझे वडील, दप्तरात कारकून. म्हणून तेही दप्तराबरोबर हलत; आई आणि मी इंदूरलाच राहत असू. त्या पितृपक्षात त्यांची निघायची वेळ आली होती. आई एकटीच आवराआवर करत होती आणि पंधरा वर्षांची मी घरमालकांच्या भिंतीपाशी शेण मळत होते.

माळव्यातल्या कुमारिका या पंधरवड्यात रोज भिंतीवर शेणाची संजा काढतात, म्हणजे उठावाचं चित्र, आणि फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. कुठल्या दिवशी काय काढायचं ते ठरलेलं. आम्हा मराठी लोकांत ही चाल नाही, पण माझा हात नेटका म्हणून घरमालकांची मुलगी मला बोलावून नेई. पंखा, चौपडीचा पट, स्वस्तिक, फूल. दरवर्षी तेच ते! माझी बोटं नुसती शिवशिवत. त्यांना काय हवं होतं ते मलाही धड सांगता आलं नसतं.

मग डोकरा-डोकरीचा दिवस आला. त्या दिवशी म्हातारा-म्हातारी समोरासमोर काढायची. मी म्हातारी तोंड फिरवून बसवली. घरमालक आणि मालकीणबाई ओट्यावर रोज तसेच तर बसत. मुली फिदीफिदी हसायला लागल्या, तेवढ्यात मालकीणबाईच आल्या.

"यो कणे बणायो?" हे कुणी काढलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"गलती से हो गया, काकीजी," मी म्हटलं आणि माझ्याच अंगठ्याने म्हातारीचं नाक ओढून म्हाताऱ्याकडे केलं.

स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं काढलं होतं आणि त्याला मी चूक म्हणून मोकळी झाले होते. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. काही वाचवेना, एका जागी बसवेना.

"काय बिनसलंय तुझं?" आईने विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई नळावर गेली आणि मी सरळ आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेण थापलं. पोळपाटापुढे बसलेली आई काढली. एक हात लाटण्यावर, दुसरा कपाळाला. हात थांबेना.

आई आली ती दारातच उभी राहिली. घागर कमरेवरून उतरवायचीही विसरली. आता पाठीत धपाटा बसणार, असं मी धरूनच चालले होते.

"मी इतकी दमलेली दिसते?"

हात चुकला, असं म्हणून सुटता आलं असतं. ते अगदी जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "नाना जायचे असले की दिसतेस."

आईने घागर खाली ठेवली. ती भिंतीजवळ आली. ओलं फडकं घेऊन मी पुढे झाले, तर तिने माझं मनगट धरलं.

"नाना दप्तरातून येईपर्यंत पुसू नकोस," ती म्हणाली.