रणगाडेमामाचं इंजिन

रणगाडेमामा थापा मारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा आणि खरं बोलताना जमिनीकडे. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

माझा सख्खा मामा, इब्रामपूरचा, लष्करात चालक. आपल्या देशात बनणाऱ्या 'अर्जुन' रणगाड्याच्या वाळवंटातल्या चाचण्यांवर त्याची नेमणूक झाली आणि गावाने हे नाव दिलं. गोव्याला घटकराज्य मिळालं, त्या सुमाराचे ते दिवस. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून दुकानाच्या बाकावर सख्खे भाऊ हमरीतुमरीवर यायचे. सुट्टीवर आलेला मामा मध्येच म्हणायचा, "कोकणी म्हणा, मराठी म्हणा. रणगाडो आपलो आसा, तें पयलीं म्हणा!" सगळे हसायचे.

मी डिचोलीत खाणीच्या ट्रकांचं गॅरेज चालवायचो. मामा आला की इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मुठीला कान लावायचा आणि दुखणं अचूक सांगायचा. "पेन्शन घेतली की दोगांय हांगाच," निवृत्तीनंतर दोघांनी मिळून गॅरेज चालवायचं, हा त्याचा वायदा. रणगाड्याची तोफ, पट्टे, पोलाद, सगळं हातवारे करून सांगायचा. इंजिनाचं विचारलं की मात्र तोंडावर बोट. "तें गुपित, पुता. सरकारी." मी पडलो मेकॅनिक, जीव नुसता तुटायचा! तरी अभिमान वाटायचा. ट्रकवाले खोदून विचारायला लागले की मीच त्यांच्यावर खेकसायचो.

एक दिवस तेच ट्रकवाले वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दात काढत आले. अर्जुनाचं इंजिन जर्मनीचं. पहिल्यापासूनच.

मामा सुट्टीवर आल्यावर मी कात्रण त्याच्यापुढे आपटलं. "माका कित्याक फसवलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "पयल्याच दिसा इंजिनाचें झाकण उगडलें, तर जर्मन अक्षरां. सायब म्हणाले, फुडल्या वर्सा आपलें येतलें. हांव वाट पळयत रावलों. जगाची लज दिसली ना रे, तुजी दिसली."

म्हणे आपलं इंजिन येण्याची वाट पाहत राहिलो, जगापुढे नाही, तुझ्यापुढे लाज वाटली! त्या लाजेपायी डिचोलीभर माझं हसं झालं. साऱ्या जगाला ठाऊक, एक भाचा तेवढा अडाणी.

निवृत्त झाला तो थेट गॅरेजात आला. पिशवीत स्वतःचे पाने, बाह्या वर सारलेल्या. "खंयच्या ट्रकापासून सुरू करूं?" म्हणाला. दोन महिने मी जाणता माणूस शोधत होतो. तीन ट्रक त्याच्यासमोर उघडे पडले होते.

"काम ना, मामा," मी म्हणालो.

त्याने ट्रकांकडे पाहिलं. "बरें," म्हणत पिशवी उचलली आणि गावाकडे जाणाऱ्या पेडण्याच्या बसकडे चालू लागला. तीच आमची शेवटची भेट, आणि मी त्याला साधी हाकसुद्धा मारली नाही.