बंद इंजिनाचा धूर

आमच्या क्वार्टरची खिडकी आणि पॅसेंजरचं इंजिन यांच्यामध्ये एक पायवाट आणि एक कडुनिंब, एवढंच काय ते अंतर होतं. मी रेल्वेत फिटर होतो. जळगावकडच्या एका शाखेच्या शेवटच्या स्टेशनावर माझी बदली झाली, तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. कोळशाची इंजिनं जाऊन डिझेलची आली होती आणि आता धुराची कटकट मिटली म्हणून गाव खूश होतं. गावाला खूश व्हायला काय जात होतं, ते स्टेशनापासून मैलभर लांब होतं.

सकाळी अकराला गाडी यायची आणि संध्याकाळी पाचला तीच परत निघायची. मधले सहा तास इंजिन आमच्या दारात. ड्रायव्हर ते माझ्या हवाली करून विश्रांतीच्या खोलीत आडवा व्हायचा. इंजिन मात्र बंद करायचं नाही, हा आमचा शिरस्ता. बॅटऱ्या पार थकलेल्या. एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नव्हतं. नव्या बॅटऱ्या मोठ्या गाड्यांना मिळायच्या आणि त्यांच्या उतरलेल्या आमच्याकडे यायच्या. मी दोनदा लेखी मागणी केली. दोन्ही कागद कुठे गेले ते कळलं नाही.

बायकोला लग्नात दमा नव्हता. तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात तो आला आणि मुक्कामालाच राहिला. ती खिडक्या लावून घ्यायची, फटींत चिंध्या कोंबायची, वरून ओलं गोणपाट टांगायची. खानदेशातला वैशाख आणि बंद घर. आत भाजून निघायचं की बाहेर गुदमरायचं, एवढीच काय ती निवड होती. एका वर्षी तिने हौसेने ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातल्या. संध्याकाळी बघते तर बाजेवरच्या साडीवर एकेका बिबडीवर काळे ठिपके. त्या तिने गुपचूप उकिरड्यावर टाकल्या आणि पुढच्या वर्षी ज्वारी भिजवलीच नाही. मी दुसरीकडे बदली मागितली होती, ती नामंजूर झाली. नोकरी सोडली तर क्वार्टरही जाणार होतं, आणि गावी आमचं घर असं नव्हतंच.

मग वरून एक परिपत्रक आलं. अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहणारं इंजिन बंद करावं, धूर कमी करावा, आणि तशी नोंद रजिस्टरात ठेवावी. ते वाचून सगळ्यात जास्त आनंद मला झाला. पण आमच्यातले जुने फिटर, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी मला रजिस्टर कसं भरायचं ते शिकवलं. बंद केल्याची वेळ अकरा वीस, चालू केल्याची साडेचार, खाली सही. मी सही केली. इंजिन पाठीमागे धडधडत होतं.

असं वर्षभर चाललं. एकदा बायको डबा घेऊन फिटरच्या खोलीत आली. मी हात धुवायला गेलो होतो, तोवर तिने रजिस्टर चाळलं. सातवी शिकलेली बाई, अक्षर अन् अक्षर वाचलं असणार. मी आलो तेव्हा तिने ते मिटून जागेवर ठेवलं होतं. आवाज न चढवता तिने विचारलं, "तुम्ही रोज इंजिन बंद करतस, मंग हाऊ धूर कोना शे?"

मला तेव्हा तिचाच राग आला. म्हटलं, तुला यातलं काय कळतं. ती निघून गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, चार दिवस कुणाची सून नसतात. बायकोचं तर महिनाभर तिकडेच राहायचं ठरलं होतं. माहेर नदीकाठी, हवा मोकळी. डॉक्टरही म्हणाले होते की हिला इथून हलवा. आदल्या दिवशी अकराच्या गाडीने तिचा धाकटा भाऊ तिला न्यायला मुराळी म्हणून आला. पाचच्या गाडीने दोघं निघणार होती. पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या.

दुपारी तिला जोराची धाप लागली. ती भिंतीला टेकून बसली, ओठ निळसर पडले, आणि तरी भावासमोर हसायचा प्रयत्न करत होती. ते मला बघवलं नाही. मी सरळ इंजिनावर गेलो आणि ते बंद केलं.

एवढी शांतता मी त्या क्वार्टरमध्ये कधी ऐकली नव्हती. मी परत येऊन फटींतल्या चिंध्या उपसल्या, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. कडुनिंबाचा वास घरात आला. बायको हळूहळू आडवी झाली आणि चक्क झोपली. दोन तास गाढ. मी आणि मेहुणा बाहेर ओट्यावर हळू आवाजात बोलत बसलो. मी मनातून फुशारलो होतो, ते कबूल करतो.

साडेचारला इंजिन सुरू झालं नाही. ड्रायव्हरने, नानांनी, मी, सगळ्यांनी करून पाहिलं. ते एकदा कण्हलं आणि गप्प झालं. फलाटावर माहेरी निघालेल्या बायका, लेकरं, बोचकी. पॅसेंजर रद्द झाली. शेवटची एसटी आधीच गेली होती. मेहुणा पिशव्या धरून उभा होता. "दाजी, आते काय करानं?" असं त्याने विचारलं. मी त्याच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि घराकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी ओढून न्यायला दुसरं इंजिन आलं. ते दुपारपर्यंत दारात धूर ओकत उभं राहिलं. आखाजीचा सण बायकोने बंद खिडक्यांच्या आत काढला आणि संध्याकाळी ती माहेरी गेली.

आठवड्याने मला खुलासा मागणारं पत्र आलं. वर्षभर रोज बंद करून रोज सुरू होणारं इंजिन त्याच दिवशी का सुरू झालं नाही, तुम्ही त्यात काय केलंत? पुरावा म्हणून माझ्याच सह्या होत्या. बॅटऱ्या खराब होत्या म्हणावं, तर वर्षभराच्या नोंदी खोट्या ठरत होत्या. नानांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, "भाऊ, बंद केलं होतं असं लिहूच नकोस. त्या दिवसाचा रकाना गडबडीत रिकामाच राहिलाय. ब्रेकची हवा उतरत होती म्हणून चालू ठेवलं, ते आपोआप बंद पडलं, असं लिही." मी तसंच लिहिलं. नोकरी वाचली.

महिन्याने बायको परतली, अकराच्या त्याच गाडीने. खुलासा मागितल्याचं मी तिला पत्राने कळवलं होतं. चेहरा भरला होता, जिना चढल्यासारखी धाप गेली होती. पिशवी सोडतानाच तिने विचारलं की खुलाशात काय लिहिलं. मी सगळं सांगितलं. इतर दिवशी चालू असताना बंद लिहिलं, आणि एक दिवस खरंच बंद केलं, तर चालू लिहिलं.

तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "मंग त्या दुपारनी मनी झोप बी खोटी शे का?"

बाहेर इंजिन नुकतंच लागलं होतं. मी उठलो, खिडक्या लावून घेतल्या आणि फटींत चिंध्या कोंबायला बसलो.