काकवीच्या फळीवरची बाटली

आमच्याकडे काकवी बिअरच्या बाटलीत असते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गुऱ्हाळ सुरू झालं की भाऊबंद एकमेकांकडे बाटली बाटली काकवी पाठवतात. आता एवढ्या जाड काचेची बाटली गावात दुसरी कुठली मिळणार? त्यामुळे ज्या घरात कुणी दारूला शिवलेलं नाही, त्या घराच्या फळीवरही तपकिरी बाटल्या रांगेनं उभ्या असतात. भवानीनगरजवळच्या आमच्या घरातही आहेत.

माझे वडील, तात्या, साखर कारखान्यात पॅनवर होते. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरायचं भलंमोठं भांडं. पाळी संपवून ते घरी आले की त्यांच्या शर्टाला पाक, वाफ, मळी आणि कुठंतरी काही आंबल्याचा असा एक मिळून वास यायचा. हिवाळ्यात ते मला सायकलच्या नळीवर बसवून कारखान्याच्या रस्त्यानं न्यायचे. धुक्यात पुढचं काही दिसायचं नाही. उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा, गाड्या मात्र दिसायच्या नाहीत. गोडसर हवा तोंडात आल्यासारखी वाटायची आणि मागं तात्यांची ऊबदार छाती असायची. मी अर्धवट झोपेत असायचे. तो रस्ता कधी संपूच नये असं मला वाटायचं, आणि अजूनही डोळे मिटले की तो कुठं संपत नाही.

तात्यांचं नाक घरात सगळ्यांना जाचक होतं. आमटीत हिंग जास्त, दूध लागलंय, भाकरीचं पीठ जुनं. पहिला घास घेण्याआधीच निकाल लागायचा. आई चिडायची, भांडी आपटायची. गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला आणि वास गेला तो गेलाच. मग ते गप्प जेवायला लागले. वाढाल ते खायचे, पुरे म्हणून हात धुवायचे. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास देत राहा, येईलही किंवा येणारही नाही. आईनं हिंगाची डबी, लसूण, मोगरा, सगळं नाकाशी धरून पाहिलं. तात्या दर वेळी शहाण्या मुलासारखे "न्हाय" म्हणायचे. माणूस डोळ्यांदेखत फिकट होत चाललं होतं आणि मला त्याची फार भीती वाटत होती.

मी पुण्यात नोकरी करते आणि कधीमधी बिअर पिते. आईला हे माहीत नाही. तात्यांना अंदाज असावा, पण त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मैत्रिणींबरोबर बसले असताना, बिअर तिथंच बनवतात अशा एका ठिकाणी, मी गूळ घातलेली काळी बिअर मागवली. वाढणारा म्हणाला, जपून, ही कडक आहे. मी पेला नाकाशी नेला आणि तिथल्या तिथं सायकलच्या नळीवर जाऊन बसले. पाक, वाफ, मळी, आंबूसपणा, सगळं होतं. मैत्रिणी काय बोलत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. तात्यांना प्यायला द्यायची नाही, नुसता वास द्यायचा, हे मी तिथंच ठरवलं.

पण अशी बिअर गावाकडं मिळणं म्हणजे दिव्यच. बारामतीत मी एका दुकानात शिरले तर दुकानदारानं आधी माझ्या मागं कुणी पुरुष आहे का ते पाहिलं.

"साहेबांना कुठली लागती, ताई?"

"मलाच पाहिजे. गुळाची, काळी, कडक."

"कडक हाय की," असं म्हणून त्यानं नेहमीची स्ट्राँग पुढं केली. "गुळाची कशाला मागताय? ती काय चांगली असती व्हय?"

त्याला गुळाची म्हणजे हातभट्टी वाटली. मी समजावलं नाही. चिडून बाहेर आले आणि मग कितीतरी वेळ गाडीत हसत बसले.

शेवटी पुण्याहूनच आणली. बिअर बनवणाऱ्यांनीच बिनलेबलाच्या तपकिरी बाटलीत भरून दिली आणि थंड ठेवायला बजावलं. भर उन्हाळ्यात बर्फाच्या खोक्यात तिला तान्ह्या पोरासारखं जपत घरी पोचले, फ्रीजमध्ये मागं सरकवली आणि झोपले. सकाळी आईनं शेवग्याच्या शेंगा काढायला रानात पाठवलं. परत आले तर तात्या जेवायला बसले होते आणि त्यांच्या ताटात, भाकरीशेजारच्या वाटीत, माझी बिअर होती.

"फ्रीजमधी काकवी कोण ठिवतं गं?" आई म्हणाली. "गारठ्यानं दाट झाली आसंल म्हणून फळीवर ठिवली, तर उलट पातळच निघाली. पाणी घातलंय मेल्यांनी. फेस मातूर चांगला आला."

मी दारातच उभी राहिले. तात्यांनी भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"ही आंबलीया," ते म्हणाले.

"तुमाला काय कळतंय?" आई बोलून गेली आणि मग तिचा हात थांबला.

"वास येतोय की." तात्यांनी वाटी उचलली, डोळे मिटले. बाहेर ऊन होतं, कारखाना बंद होता, चिमणी थंड होती. "पाळी सुटली की मळीच्या टाकीकडनं यायचा आसा. धुकं आसलं म्हंजी लईच."

मी त्यांच्या पाठीशी जाऊन बसले. त्यांनी वाटी खाली ठेवली, ताट जवळ ओढलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आन् फोडणी करपलीया आमटीची."

आई मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर घेतला. "करपंल न्हाय तर काय," ती पदराआडून म्हणाली, "येकटीनं कुठं कुठं बघायचं?"

तात्यांनी ती करपलेली आमटी दोनदा मागून घेतली.