डरकाळीला आलेलं उत्तर

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची पडकी देवळं बघायला आम्ही नदीतून बोटीने चाललो होतो. काठावरच्या झाडीत एका काळ्या माकडाने वाघासारखी डरकाळी फोडली. गावाकडे मी हेडसरांचीसुद्धा हुबेहूब नक्कल करतो, तिथे या माकडाची काय कथा! मीही डरकाळलो. लगेच झाडं गदागदा हलली आणि ते नदीवर वाकलेल्या फांदीवर, थेट आमच्या वाटेत येऊन बसलं.

"तू त्याला भांडायला बोलावलंस," गाईड कुजबुजला.

"आता वाजव की भोंगा!" ताईने चिमटा काढला.

आजवर माझ्या नकलेला माणसं नुसती हसली होती. ती खरी मानून कुणी समोर उभं ठाकलं नव्हतं. बोट फांदीखालून जाताना ते माकड एकेकाचं तोंड निरखत होतं, आणि मी माझं ताईच्या ओढणीत खुपसलं.